सभेचे नियम नक्की कुणासाठी असतात

एका संस्थेच्या सभेत मी तीन तास बसले होते, विषय एकच, वाचनालय रविवारी उघडं ठेवायचं की नाही, आणि सभा संपल्यावर जिना उतरताना मी चार जणांना विचारलं की काय ठरलं, तर चौघांची चार उत्तरं. एक म्हणाले पुढच्या रविवारपासून उघडणार, दुसरे म्हणाले छे, फक्त सकाळी, तिसऱ्यांच्या मते कमिटी नेमायची ठरली आणि चौथ्या बाई म्हणाल्या काहीच ठरलं नाही हो, सगळे बोलले तेवढंच. महिन्याभराने इतिवृत्त हातात आलं, त्यात एक ओळ होती, "सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन योग्य तो निर्णय घेण्यात आला." योग्य तो म्हणजे कोणता? त्या एका ओळीवरून पुढे जे वाद झाले त्यात दोन अतिशय कामाची माणसं संस्था सोडून गेली. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण कुणाच्याच मनात खोट नव्हती, फक्त सभा कशी चालवायची हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

नियम म्हटलं की लोक वैतागतात, आपण काय कोर्टात बसलोय का, घरचीच माणसं आहोत, बोलून ठरवू. पण बोलून ठरवू म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचं ठरतं, किंवा जो शेवटपर्यंत थांबायला मोकळा आहे त्याचं. ज्याचा आवाज मोठा आहे त्याला नियम लागतच नाहीत, नियम लागतात ते गप्प बसलेल्याला, मतं कमी पडलेल्याला, आणि जो त्या दिवशी येऊच शकला नाही त्याला. ही तीन माणसं डोक्यात ठेवून पुढचं वाचा, बहुतेक नियम आपोआप समजतात, पाठ करावे लागत नाहीत.

माझ्यासारखीच वेळ हेन्री मार्टिन रॉबर्ट नावाच्या अमेरिकन लष्करी इंजिनिअरवर आली होती. १८६३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड गावात चर्चच्या एका सभेचं अध्यक्षपद अचानक त्याच्याकडे आलं आणि सभा कशी चालवतात हे त्याला माहीतच नव्हतं. त्याने मनाशी ठरवलं की हे शिकल्याशिवाय पुन्हा सभेला जायचं नाही. पुढे सॅन फ्रान्सिस्कोला बदली झाली तर तिथे वेगवेगळ्या राज्यांतून आलेली माणसं, प्रत्येकाची सभेची पद्धत वेगळी आणि प्रत्येकाला आपलीच बरोबर वाटायची. शेवटी १८७६ मध्ये त्याने स्वतःचे पैसे घालून छोटं पुस्तक छापलं, पहिल्या ४००० प्रती काही महिन्यांत संपल्या, आणि आजही जगभरच्या कितीतरी संस्था 'रॉबर्ट्स रूल्स' म्हणून तेच वापरतात, २०२० मध्ये त्याची बारावी आवृत्ती आली. त्याच्याही आधी थॉमस जेफरसनने अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष म्हणून सिनेट, म्हणजे तिथलं वरिष्ठ सभागृह, चालवताना स्वतःसाठी नियम लिहून ठेवले होते, ते १८०१ मध्ये छापले गेले. त्या दोघांचंही मूळ इंग्लंडच्या पार्लमेंटच्या प्रथांमध्ये आहे.

पण ही कल्पना फक्त तिकडचीच असं समजू नका. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी आवर्जून सांगितलं होतं की बौद्ध भिक्खू संघांना संसदीय पद्धत माहीत होती, बसण्याची व्यवस्था, ठराव, कोरम म्हणजे किमान हजेरी, मतमोजणी, गुप्त मतदान, सगळ्याचे नियम होते. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, हे खरंच सापडतं. संघासमोर आधी विषय मांडायचा, त्याला ज्ञप्ती म्हणायचं, महत्त्वाचा विषय असेल तर त्यानंतर तीन वेळा घोषणा करायची, ज्यांना मान्य त्यांनी गप्प राहायचं, ज्यांना मान्य नाही त्यांनी बोलायचं. नवीन भिक्खूला उपसंपदा म्हणजे पूर्ण दीक्षा द्यायची तर किमान १० भिक्खू हवेत, सीमेवरच्या प्रदेशात जिथे माणसं कमी तिथे ५ चालतील. मतभेद झाले तर शलाका म्हणजे लाकडी काड्या वाटून मतं मोजायची. तीनदा विचारण्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. पहिल्यांदा विचारल्यावर बोलायचं धाडस होत नाही, तिसऱ्यांदा कदाचित होतं.

आता मूळ नियम. एका वेळी एकच विषय. वाचायला साधं वाटतं पण ९० टक्के सभा इथेच फसतात असं मी अनुभवावरून म्हणते, मोजून नाही. रविवारचं बोलता बोलता कुणीतरी पंख्यांचा विषय काढतो, पंख्यांवरून वीजबिल, वीजबिलावरून मागच्या कमिटीचा हिशोब, आणि रविवार तसाच लटकत राहतो. म्हणून सभेत चर्चा विषयावर करायचीच नाही, ठरावावर करायची. हा फरक मोठा आहे. "रविवारबद्दल काय वाटतं" हा विषय झाला, "वाचनालय रविवारी उघडं ठेवावं" हा ठराव झाला, त्याला हो किंवा नाही म्हणता येतं. ठराव नसेल तर अध्यक्षांनी सरळ विचारावं, तुमचं म्हणणं ठरावाच्या रूपात मांडता का. निम्मी बडबड या एका प्रश्नाने थांबते.

ठराव मांडणारा तो सूचक, आणि त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक. इथे एक गैरसमज सगळीकडे आहे. अनुमोदन देणं म्हणजे ठराव मान्य असणं नव्हे. रॉबर्टच्या नियमांत अनुमोदनाचा अर्थ इतकाच की यावर सभेने बोलावं असं मलाही वाटतं, अनुमोदक नंतर खुशाल विरोधात बोलू शकतो आणि विरोधात मतही देऊ शकतो. मग अनुमोदन हवं कशाला, तर एकट्या माणसाच्या हट्टापायी पन्नास जणांचा वेळ जाऊ नये, निदान दोघांना तरी तो विषय महत्त्वाचा वाटायला हवा. दहाबारा जणांच्या छोट्या कमिटीत अनुमोदनाची गरजही नसते, तिथे सगळं थोडं सैल चालतं आणि अध्यक्षही चर्चेत भाग घेऊ शकतात.

अनुमोदन मिळालं की अध्यक्ष ठराव वाचून दाखवतात, शब्द न शब्द, आणि त्या क्षणापासून तो ठराव सूचकाचा राहत नाही, सभेचा होतो. हे लोकांना पटत नाही. सूचक मध्येच म्हणतो जाऊ द्या मी मागे घेतो, किंवा कुणी काही सुचवलं की सूचक परस्पर म्हणतो हो हो ते पण घाला त्यात. तसं करता येत नाही, मागे घ्यायचा असेल किंवा बदलायचा असेल तर सभेला विचारावं लागतं, कारण एव्हाना बाकीच्यांनी त्या शब्दांवर विचार सुरू केलेला असतो.

सगळ्यात गोंधळ उपसूचनेचा, म्हणजे ठरावातल्या दुरुस्तीचा, म्हणून तो जरा सावकाश बघू. मूळ ठराव, "वाचनालय रविवारी उघडं ठेवावं." एक बाई उठून म्हणतात, 'रविवारी' या शब्दापुढे 'सकाळी' घाला. ही उपसूचना. त्यावर चर्चा सुरू असताना एक जण म्हणतो 'सकाळी'च्या पुढे '८ ते ११' घाला. ही उपसूचनेवरची उपसूचना. आता आणखी कुणी '११' च्या जागी '१२' करा म्हणालं तर अध्यक्षांनी थांबवायचं, आत्ता नाही, आधी हातातलं संपवू, कारण दोन पायऱ्यांच्या वर गेलं की माणसाच्या डोक्यात राहत नाही. मग मतदान उलट्या क्रमाने, जे शेवटी आलं ते आधी. पहिलं मत '८ ते ११' घालायचं का यावर, समजा मंजूर. आता उपसूचना झाली 'सकाळी ८ ते ११', दुसरं मत ती मूळ ठरावात घालायची का यावर, समजा तेही मंजूर. आता ठराव असा झाला, "वाचनालय रविवारी सकाळी ८ ते ११ उघडं ठेवावं", आणि अजून काहीही ठरलेलं नाही! तिसरं मत या सुधारलेल्या ठरावावर घ्यायचं राहिलंय. आमच्या त्या सभेत नेमकं हेच झालं असावं, लोकांनी 'सकाळी' या शब्दाला हात वर केले आणि त्यांना वाटलं रविवार मंजूर झाला, आणि मूळ ठरावावर मत कुणी घेतलंच नाही.

या पद्धतीत एक सोय अशी की ज्याला रविवार अजिबात नको आहे तोसुद्धा उपसूचनेला हो म्हणू शकतो, म्हणजे उघडणारच असाल तर निदान तीनच तास उघडा, आणि शेवटच्या मताला नाही म्हणू शकतो. यात दुटप्पीपणा काही नाही, दोन प्रश्न वेगळे आहेत म्हणून दोन उत्तरं वेगळी. उपसूचना मात्र त्याच विषयातली हवी, रविवारच्या ठरावात चित्रकलेचा क्लास घुसवता येत नाही, आणि नुसतं 'ठेवावं'चं 'ठेवू नये' करायची उपसूचनाही चालत नाही, त्यासाठी विरोधात मत द्यायची सोय आहेच.

चर्चेत कोण कधी बोलणार? बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून, समोरच्याला थेट नाही, आणि हे नुसतं शिष्टाचारासाठी नाही, "तुम्ही खोटं बोलताय" ऐवजी "अध्यक्ष महोदय, हा आकडा मला बरोबर वाटत नाही" असं म्हणावं लागलं की भांडणाची धार आपोआप कमी होते. रॉबर्टच्या नियमांत एका ठरावावर एका दिवशी एका माणसाला दोनदाच बोलता येतं, प्रत्येक वेळी जास्तीत जास्त १० मिनिटं, आणि ज्याला बोलायचंय तो प्रत्येक जण एकदा बोलून झाल्याशिवाय कुणाला दुसऱ्यांदा मिळत नाही. हा शेवटचा भाग मला सगळ्यात जास्त प्रिय आहे. एका मीटिंगमध्ये आम्ही फक्त हा एक नियम लावून पाहिला, बाकी काही नाही. नेहमीचे तिघं पहिल्या वीस मिनिटांत बोलून बसले आणि मग शांतता पसरली, चांगली मिनिटभर, अवघडल्यासारखी. आणि मग वर्षभर एक शब्द न बोललेल्या एक बाई हळूच म्हणाल्या की रविवारी किल्ली कुणाकडे असणार? कुणीच याचा विचार केला नव्हता.

चर्चा थांबवायची कशी हाही मोठा प्रश्न आहे. १८८१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये पार्नेलच्या आयरिश खासदारांनी एका विधेयकाला विरोध करताना सभागृह सलग ४१ तास चालू ठेवलं, ३१ जानेवारीला सुरू झालेली बैठक २ फेब्रुवारीला स्पीकर ब्रँड यांनी स्वतःच्या अधिकारात थांबवली, तोपर्यंत चर्चा बंद करायचा नियमच नव्हता, मग तो करावा लागला. अमेरिकन सिनेटमध्ये आजही बहुतेक विधेयकांवरची चर्चा संपवायला १०० पैकी ६० मतं लागतात, २०२५ मध्ये सिनेटर कोरी बुकर तिथे २५ तासांहून जास्त वेळ बोलत उभे होते. आपल्या सभेत इतकं होत नाही पण मागच्या खुर्चीवरून "मतदान घ्या, मतदान घ्या" असा ओरडा नक्की होतो, आणि अध्यक्ष घाबरून घेतातही. नुसत्या ओरडण्याने चर्चा बंद होत नाही. चर्चा बंद करा हासुद्धा एक ठराव आहे, तो रीतसर मांडायचा, अनुमोदन घ्यायचं, त्यावर चर्चा नाही, लगेच मत, आणि तो मंजूर व्हायला साधं बहुमत पुरत नाही, दोनतृतीयांश लागतं. कारण तुम्ही इथे कुणाचातरी बोलण्याचा हक्क काढून घेताय. हाच धागा सगळीकडे आहे, रोजचा निर्णय असेल तर साधं बहुमत, सदस्यांचा हक्क कमी होत असेल तर दोनतृतीयांश. मोजायची सोपी युक्ती, 'हो'ची मतं 'नाही'च्या निदान दुप्पट हवीत. २३ विरुद्ध ११ असेल तर झालं, २१ विरुद्ध ११ असेल तर नाही.

मतमोजणीत लोक कुठे अडकतात ते एका उदाहरणाने सांगते. ४१ जण हजर, १४ हो, १२ नाही, १५ तटस्थ. मंजूर की नामंजूर? नियमावलीत "दिलेल्या मतांच्या बहुमताने" असं असेल तर मंजूर, कारण मतं पडली २६ आणि त्यातली १४ बाजूने, तटस्थ राहणारे हिशोबातच नाहीत. पण नियमावलीत "उपस्थितांच्या बहुमताने" असं असेल तर २१ लागतील आणि ठराव पडला, म्हणजे तटस्थ राहणाऱ्यांनी नकळत विरोधातच मत दिल्यासारखं झालं. एका शब्दाने निकाल फिरतो, म्हणून सभेला जाण्याआधी आपल्या संस्थेची नियमावली काढून तो शब्द बघून ठेवा, खरंच बघा. आणि विरोधातली मतं विचारायलाच हवीत, बाजूचे हात मोजून "झालं मंजूर" म्हणणं चूक. एकमताने आणि बहुमताने हेही वेगळं लिहायचं, एक जरी विरोधात असेल तरी एकमताने लिहू नये, त्या एका माणसाने तिथे बसून हात वर केलेला असतो.

समसमान मतं पडली तर? बहुमत झालं नाही, म्हणजे ठराव पडला, एवढं सरळ आहे. काही ठिकाणी अध्यक्षांना निर्णायक मत असतं. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये ३ एप्रिल २०१९ ला ब्रेक्झिटच्या वादात ३१०-३१० झालं आणि स्पीकर बर्को यांनी विरोधात मत दिलं, त्यांना ते आवडलं नाही म्हणून नाही, तर तिथली जुनी प्रथा अशी की जिथे सभागृहानेच बहुमत तयार केलं नाही तिथे स्पीकरने ते तयार करून देऊ नये.

अध्यक्षांबद्दल अजून एक. मोठ्या सभेत अध्यक्षांना एखाद्या ठरावाच्या बाजूने किंवा विरोधात बोलायचं असेल तर त्यांनी खुर्ची सोडावी, दुसऱ्याला बसवावं आणि त्या ठरावाचा निकाल लागेपर्यंत परत बसू नये. आणि अध्यक्षच नियम मोडत असतील तर? त्यासाठी हरकतीचा मुद्दा, पॉईंट ऑफ ऑर्डर. हा कुणालाही मध्येच उठून मांडता येतो, अनुमोदन लागत नाही, पण तो फक्त नियम मोडला गेला असेल तरच, समोरच्याचं म्हणणं पटत नाही म्हणून नाही. अध्यक्ष त्यावर निर्णय देतात, तो मान्य नसेल तर सभेकडे अपील करता येतं आणि तिथे सभा अध्यक्षांपेक्षा मोठी. हे सांगताना आवाज चढवायची गरज नाही, शांतपणे म्हटलं की पुरतं.

आता जो आलाच नाही त्याचं काय. कोरम त्याच्यासाठी आहे, पाच जण जमून दोनशे जणांच्या नावाने ठरवू नयेत म्हणून. नियमावलीत आकडा नसेल तर रॉबर्टच्या हिशोबाने साधारण निम्म्याहून जास्त सदस्य हवेत, ब्रिटिश हाऊस ऑफ कॉमन्समध्ये मात्र ६५० पैकी ४० पुरतात, म्हणजे आकडा ज्याचा त्याने आपल्याला झेपेल तसा ठरवायचा. आणि विषयपत्रिका पण त्याच्यासाठीच आहे, तिच्यावर बघूनच तो ठरवतो यायचं की नाही. म्हणून पत्रिकेच्या शेवटी जी ओळ असते ना, "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय", तिच्याकडे नीट लक्ष ठेवा. किरकोळ गोष्टीसाठी ठीक आहे, पण नियमावली बदलणं, वर्गणी वाढवणं, कुणाला काढून टाकणं असले विषय आयत्या वेळी घेणं म्हणजे गैरहजर माणसाचा घात आहे, ते घेऊ नयेत आणि कुणी घेत असेल तर हरकत घ्यावी, मग तो निर्णय आपल्या फायद्याचा असला तरी.

एकदा ठरलेलं परत काढता येतं का, तर येतं. त्याच बैठकीत फेरविचार मागायचा असेल तर तो जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्या माणसानेच मागायचा, नाहीतर हरलेले लोक दर दहा मिनिटांनी तेच उकरत बसतील. पुढच्या सभेत रद्द करायचा असेल तर आधी नोटीस देऊन साधं बहुमत पुरतं, नोटीस न देता असेल तर दोनतृतीयांश किंवा एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त. इथेही तोच गैरहजर माणूस.

शब्द मात्र जपून वापरा, विशेषतः इंग्रजीतून उचललेले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकारी म्हणत होते हा कागद टेबल करा, म्हणजे आत्ता चर्चेला घ्या, आणि अमेरिकन ऐकत होते बाजूला ठेवा, त्यावरून लांबलचक कडाक्याचा वाद झाला आणि शेवटी कळलं की दोघांनाही तीच गोष्ट हवी होती, चर्चिलने स्वतः हे लिहून ठेवलंय. आपल्याकडे चर्चेला घ्या आणि पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवा असे दोन स्वच्छ शब्दप्रयोग आहेत, तेच वापरावेत.

राहिलं इतिवृत्त. त्यात कोण काय बोललं ते लिहायचं नसतं, काय ठरलं ते लिहायचं असतं. आमच्या त्या सभेचं इतिवृत्त असं असतं तर बरं झालं असतं, "ठराव: वाचनालय रविवारी उघडं ठेवावं. सूचक अमुक, अनुमोदक अमुक. उपसूचना: 'रविवारी' नंतर 'सकाळी ८ ते ११' हे शब्द घालावेत, मंजूर. सुधारित ठराव: वाचनालय रविवारी सकाळी ८ ते ११ उघडं ठेवावं. बाजूने २३, विरोधात ११, तटस्थ ७. ठराव बहुमताने मंजूर." पाच ओळी. मोठे शब्द नाहीत, सविस्तर नाही, योग्य तो नाही. ठराव मंजूर झाल्या झाल्या सचिवाने तो मोठ्याने वाचून दाखवावा, तेव्हाच कुणीतरी म्हणतं अहो ११ नाही १२ ठरलं होतं, आणि सगळे अजून खोलीतच असतात. पुढच्या सभेत पहिला विषय हेच इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असतो, चूक दिसली तर तिथेच हात वर करा, एकदा कायम झालं की ते बदलायला वेगळा ठराव आणावा लागतो.